बंद घरातली साखर

नेलिदाबाई इतुराल्देंना दुसऱ्यांच्या प्रामाणिकपणाची फार काळजी. ग्वालेग्वाइचूच्या आमच्या गल्लीत कुणी शेजाऱ्याची शिडी नेऊन परत केली नाही, तर रविवारी चर्चच्या पायरीवर त्याचा उद्धार व्हायचाच. शाळेच्या कचेरीत होत्या तेव्हा खडूसुद्धा मोजून द्यायच्या म्हणे. निवृत्त झाल्या, शाळा सुटली आणि आम्ही सापडलो.

त्यांची दोन घरं. मोठ्यात त्या स्वतः राहायच्या, मागचं छोटं ओल्गा आणि तिच्या नवऱ्याला भाड्याने दिलेलं. कार्निव्हल सुरू झाला की नेलिदाबाई स्वतःचं घर ब्वेनोस आयरेसच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आणि आपण बहिणीकडे जातो म्हणून सांगायच्या. ओल्गाही तेव्हा नवऱ्याबरोबर सासरी असायची, कलिंगडाच्या तोडणीला.

यंदा ओल्गाच्या बंद घरामागे मला चादर वाळत घातलेली दिसली. मी पडले शेजारीण, गप्प कशी बसणार? ओल्गा परतली तशी सांगून टाकलं. बाईंनी तिचंही घर पाहुण्यांना दिलं असणार, अशी गल्लीची खात्रीच होती.

ओल्गा भांडली नाही. तिला फक्त खरं काय ते बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं, कारण तिच्या वडिलांचा तुंबा कुणीतरी बाटवला होता. म्हातारा जन्मभर त्या भोपळ्याच्या तुंब्यात येर्बाचा पाला गरम पाण्यात भिजवून नळीने कडूच प्यायला. तो गेल्यावर ओल्गाची सकाळ त्या तुंब्याशिवाय होत नसे. साखर एकदा भोपळ्यात मुरली की निघत नाही, आणि परतल्यावर पहिलाच घोट तिला गोड लागला होता.

तिने नेलिदाबाईंना आणि मला अंगणात बोलावलं. पहिला तुंबा ती स्वतः प्यायली, मग पाणी ओतून माझ्याकडे दिला, मग बाईंकडे. एरवी या घरात त्या तोंड वाकडं करून "विष गं बाई!" म्हणायच्या. आज नळीतून खळखळ आवाज येईपर्यंत ओढलं आणि तुंबा पुढे केला.

"घाल अजून."

"आज कडू नाही लागलं, नेलिदाबाई? मी तर साखर घातली नाहीये."

"घालणार कुठून? फडताळातला डबा तर कधीच संपला."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण लाज? नाव नको.

"बहीण इथेच राहते वाटतं तुमची?" मी म्हटलं.

"तू गप गं! बहीण दारात उभं करत नाही मला. माझ्या घरात पाहुणे, मग मी काय पुलाखाली निजायचं? आणि हे घर तरी कुणाचं आहे?"

मला कीव आली. क्षणभरच.

"विचारलं असतंत तर मी होच म्हटलं असतं," ओल्गा म्हणाली. "पण तो तुंबा बाबांचा होता, नेलिदाबाई."

"मग खाल्ला का मी? साबणाने घासून ठेवलाय चांगला!"

ओल्गाचे डोळे भरले. तिने नळी काढून बाजूला ठेवली, पाला झाडला आणि तुंबा बाईंच्या हातात दिला. "घेऊन जा. आता तो तुमचाच झाला."

मला वाटलं, आता तरी ही बाई मान खाली घालेल. तिने तुंबा पिशवीत टाकला, उठली आणि फाटकातून मागे वळून विचारलं, "नळी चांदीची आहे ना? तीपण नेऊ का?"