पूर्ण रक्ताची क्वेटीमावशी

आमच्या ओढ्याकाठच्या क्वेटीमावशीला कोर्टानं रीतसर अर्धवट ठरवलं, त्याची ही हकिकत.

जमीन आम्हा सगळ्या चेरोकींची, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची, एकत्र. जो राबेल त्याचं शेत, जी घर मांडेल तिचं घर. वॉशिंग्टनच्या सरकारी लोकांना ते बघवेना. त्यांनी जमिनीचे तुकडे पाडले आणि म्हणाले, तुकडा हवा तर यादीत नाव घाला. मावशी गेलीच नाही. "माझ्याच झऱ्याचं पाणी प्यायला ह्यांच्या यादीत कशाला जाऊ?"

तिचा भाचा वॉट मोठा मदतीचा. दुसऱ्याचं काम न सांगता उरकायची आमच्यात रीत, ती इथं नडली. पठ्ठ्यानं ताहलेक्वाच्या कचेरीत जाऊन परस्पर तिचं नाव घातलं. कारकुनानं विचारलं, "चेरोकी रक्त किती?" वॉटची छाती फुगली. "पूर्ण! थेंबभर बाहेरचं नाही!"

झालं! पूर्ण रक्त म्हणजे डोक्यानं कमी, असा त्यांचा हिशोब. झरा आणि आईनं जपलेली अक्रोडासारखी हिकरीची झाडं मावशीच्या नावावर लागली, पण कारभाराला कोर्टानं पालक नेमला. सत्तरीच्या बाईला पालक! आणि कोण, तर हॉलिस प्रुएट, गोरा दुकानदार. त्यानंच शपथेवर सांगितलं होतं, बाईला काही कळत नाही.

एकदा स्वारी दारात. मावशी उखळात हिकरीचे दाणे कुटून कानुचीच्या सारासाठी गोळे वळत होती.

"मावशी, आमच्या बायकोची, आर्मिंडाची पणजी चेरोकी होती. तुम्ही तिला ओळखत होतात असं ह्या कागदावर लिहिलंय, अंगठा तेवढा द्या. यादीत आली की तिलाही जमीन मिळेल."

"नाही दिला तर?"

"लाकडाला भाव बरा आहे सध्या," झाडांकडे बघत तो म्हणाला. मेल्याला लाज म्हणून नाही.

मावशीनं मुसळ खाली ठेवलं. "बाबा, मी अर्धवट ना? माझी साक्ष कोण धरणार? आधी कोर्टात जाऊन मला शहाणी ठरव, मग ये."

ती शहाणी ठरली तर ह्याचं पालकपण गेलं. प्रुएटचं तोंड बघण्यासारखं झालं. आर्मिंडाबाई काही यादीत आली नाही.

झाडं मात्र त्यानं पाडलीच, एकूण एक. मावशी अंगणात उभी राहून मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून उरलेली कानुची शिजवली आणि सगळ्यांना वाढली. वॉट मान खाली घालून बसला होता.

"खा रे, शेवटचीच आहे," ती म्हणाली. "आणि पुन्हा कुणी रक्त विचारलं तर सांग, घरी विसरलो."