साडेआठचा निनाद आणि आमचा कंप्लेंट नंबर

आमच्या केबल ऑफिसात कंप्लेंटचं रजिस्टर आहे. त्यात चारच प्रकार लिहिता येतात: चित्र नाही, आवाज नाही, कार्ड एरर, वायर तुटली. पण लोक फोनवर जे बोलतात त्यातलं निम्मं या चारांत बसतच नाही हो! मग ते माझ्या डोक्यात जाऊन बसतं. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडचे फोन माझ्याच टेबलावर येतात आणि माझी ड्युटी नेमकी मालिकांच्या वेळेला. मैत्रिणी जमल्या की 'मेघा, सांग ना' सुरू होतंच.

पहिलं म्हणजे, अर्ध्या लोकांना वाटतं मालिका आम्हीच बनवतो. धुळ्याच्या एका अक्कांचा फोन आला.

"ताई, त्या सासूचा आवाज कमी करा."

"अक्का, रिमोटवर बटण आहे ना."

"रिमोटने बठ्ठ्यांचा कमी होतो! मला फक्त सासूचा करून पाहिजे."

*

साडेआठच्या मालिकेत एकदा सामाजिक प्रश्न आला. आंतरजातीय लग्न! दोन महिने नुसती रडारड. 'ती आपल्यातली नाही', 'समाज काय म्हणेल', सगळं झालं. पण मुलगी नेमकी कुठल्या जातीची, ते कोणी सांगेना.

आमचा टेक्निशियन सिद्धार्थ दादा डबा खाता खाता बघत होता. शेवटी वैतागला.

"दोन महिने झाले, यांना अजून पत्ता नाही! मी धुळ्यात खोली बघायला गेलो होतो, चप्पल काढायच्या आत घरमालकाने आडनाव विचारलं!"

मी हसले, आणि मग हसू आवरून रजिस्टर उघडलं. तोच पुढे म्हणाला, "अगं हस! दुसरी खोली मिळाली मला. तिला गॅलरी पण आहे!"

*

मग त्याच मालिकेत निनाद आला. घरातला धाकटा मुलगा, देखणा, आईचा लाडका. आठवडाभर जाहिरात चालली की निनाद आईला एक मोठं सत्य सांगणार. त्या दिवशी मी ऑफिसातला टीव्ही सोडला नाही.

निनाद म्हणाला, "आई, मी..." आणि ढोल, वीज, आईचा चेहरा तीनदा, बाबांचा तीनदा, देवघरातली समई एकदा. शब्द काही ऐकूच आला नाही!

फोन वाजायला लागले. "ऐन वेळी आवाज गेला!" लागोपाठ अकरा कंप्लेंट! सिद्धार्थ दादा शिडी घेऊन धावला, पूर्ण लाइन तपासून घामाघूम होऊन परत आला.

"आपल्याकडून नाही गेला," तो म्हणाला. "लेखकाचाच गेलाय!"

*

दुसऱ्या दिवशी निनादने धीर करून परत सांगितलं. या वेळी ऐकू आलं. "आई, मी वेगळा आहे." बस, एवढंच. आई जी रडायला लागली ती शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी शिंदखेड्याहून एका आजींचा फोन.

"बाई, इतलं काय रडी राहिनी ती माय? आमना तिन्ही पोरे येगळा शेतस! चूल येगळी, मीटर येगळं. मी रडनू का?"

*

हळूहळू लोकांना त्या 'वेगळा'चा अर्थ कळला. मालिकेत निनादचा एक मित्र आला, दोघं बागेत बसून चहा प्यायले. एवढंच हो! पण आमच्या मालकांकडे, म्हणजे भाऊंकडे, चार-पाच जण आले. "भाऊ, घरात आया-बहिणी बघतात. संस्कारांचं काय? हे बंद करा."

भाऊ भिडस्त माणूस. साडेआठला त्यांनी ते चॅनल बंद केलं.

आठ मिनिटांत ऑफिसचे तिन्ही फोन तापले. पहिलाच फोन भाऊंच्या घरून. वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्यांना सांगा, बाहेरच जेवून या."

भाऊ डोकं धरून बसले. तेवढ्यात त्या चार-पाच जणांतल्याच एकाचा फोन. अगदी हळू आवाजात.

"ताई, चालू करा लवकर. आई ताटावरून उठून गेलीय. म्हणते, त्या पोरांचा चहा अर्धा राहिला... आणि मी फोन केला होता, हे भाऊंना सांगू नका!"

भाऊ समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

*

पुढे निनादचं काय करायचं, ते मालिकावाल्यांना बहुतेक सुचेना. एका सोमवारी त्याची आई म्हणाली, "निनादला बंगळूरला नोकरी लागली." झालं! ना बॅग भरली, ना कोणी स्टेशनवर सोडायला गेलं. मंगळवारपासून हळदीकुंकू सुरू.

तेव्हापासून फैजपूरचे एक केळीवाले आबा रोज फोन करायला लागले. "पोरी, आला का तो?"

"नाही आबा."

पाचव्या दिवशी मी खरं ते सांगितलं. "आबा, तो आता नाही यायचा. मालिकेत अशा पोरांना लांबच पाठवतात."

आबा म्हणाले, "आमी पुन्याले धाडला."

"कोणाला?"

"माह्या पोऱ्याले. चार वर्सं झाली. त्यानंही मायले असंच सांगितलं होतं. मी म्हटलं, तिकडेच राह्य. दिवाळीलेही येऊ नको."

बाजूचे दोन फोन वाजत होते. मी वाजू दिले.

"आबा, त्याला फोन करा ना."

"काय बोलू?"

"काहीही. केळी कशी झालीत ते सांगा."

"हं," म्हणाले आणि ठेवला. मग दीड महिना त्यांचा फोनच नाही.

एका दुपारी आबा स्वतः ऑफिसात हजर! पांढरी टोपी, हातात केळीच्या दोन फण्या. त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची ओढली.

"वरच्या खोलीत नवं कनेक्शन पाह्यजे. पोऱ्या राह्याले येऊ राह्यला. संगं त्याचा समीर बी. समीरच्याच नावावर दे, त्याले मॅचचं लय वेड."

मी फॉर्म भरायला घेतला. नाव झालं, पत्ता झाला. खाली रकाना होता: घरमालकाशी नातं. माझं पेन थांबलं. मागे वायर गुंडाळणारा सिद्धार्थ दादाही थांबला.

"आबा, इथे काय लिहू? मित्र लिहू?"

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"जवाई लिव्ह," ते म्हणाले. "मित्राले कोन विचारते? जवायाचं कनेक्शन तुमाले आजच्या आज जोडाच लागंन!"