आबांची वाचा आणि माझा ऑफब्रेक

मागच्या उन्हाळ्यात मी एक ऑफब्रेक टाकून माझ्या सासऱ्यांना ठार मारलं, असं मला अख्खी दुपार वाटत होतं.

(ते खणखणीत आहेत. पण त्या दुपारची आठवण आली की अजून माझ्या तळहातांना घाम फुटतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

बुऱ्हाणपूरला इतवाऱ्यात माझं कापडाचं दुकान आहे. सासुरवाडी जवळच, तापीकाठच्या गावात, केळीबागाईतदारांच्या घरात. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी बांधावरून हाक मारली की शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बंद पडतो, अशी ख्याती! लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी आधी सुनंदाकडे नाही, तिच्यामागे उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं होतं आणि तेव्हापासून जो घाबरलो, तो घाबरलोच.

तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि मागोमाग आम्ही जावई आमरस हाणायला जातो. तसा गेलो. जेवणं झाली, आणि पुढची काही वर्षं कसोटी क्रिकेटवर कोणता देश राज्य करणार यावर वाद पेटला.

माझा मेहुणा प्रमोद म्हणाला, "ऑस्ट्रेलिया. दुसरं नाव घ्यायचं कामच नाही."

त्याची मुलगी वैष्णवी कॉलेजच्या संघात तेज गोलंदाजी करते. ती म्हणाली, "पपा, साउथ आफ्रिका! बोलर तर देखो त्यांचे!"

मी आमरसाचा ढेकर दिला आणि सुपारी कातरत (इथेच घात झाला) म्हणालो, "देश-बिश काही जिंकत नसतो. माती जिंकते! त्यांच्याकडे चेंडू उसळतो म्हणून ते जिंकतात. आपल्याकडे फिरतो म्हणून आपण."

"मग पाहुणे येऊन आपल्याच मातीत आपल्याला हरवून जातात, ते?" प्रमोद.

"खेळपट्टी बनवणाऱ्याची चूक! मला द्या एक पट्टी. असा आखाडा बनवतो की माझ्या ऑफब्रेकला तुमचं अख्खं घर हात जोडेल!"

कोपऱ्यातल्या बाजेवरून आवाज आला, "द्या यांना पट्टी."

आबा! ते झोपलेत असं मला वाटलं होतं.

विहिरीजवळची केळी नुकतीच काढून झाली होती. तिथली काळी माती मला मिळाली. चार दिवस दुकान बंद ठेवून मी राबलो. पाणी सोडलं, पाणी भरलेला लोखंडी ड्रम पट्टीवर लोटून लोटून कंबर मोडून घेतली, आणि मग पाणी एकदम तोडलं. फिरकीला भेगा हव्यात ना! पण काळी माती आणि आमच्याकडचं ऊन, दोघांनी मिळून माझी अपेक्षा फारच मनावर घेतली. सामन्याच्या सकाळी आबांनी काठी एका भेगेत घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली.

"जवाईबापू, ही खेळपट्टी आहे का बोअरिंग?"

"फिरेल, आबा. चेंडू फिरेल."

लेकी-जावई विरुद्ध घरचे, असा सामना. पहिली फलंदाजी आमची, सलामीला मी. वैष्णवी धावत आली. चेंडू भेगेच्या काठावर आपटला आणि माझ्या नाकासमोरून असा गेला की मला शिवणीचा वास आला! मागे जाऊन थेट केळीच्या बागेत घुसला.

"फुवाजी, ठीक आहे ना?" तिनं काळजीनं विचारलं.

"जिवंत खेळपट्टी आहे!" मी म्हणालो. माझे पाय मात्र केव्हाच स्क्वेअर लेगला पोचले होते. दुसरा चेंडू तिथंच पडून जमिनीलगत सरपटत गेला आणि माझी दांडी घेऊन गेला. बाद झाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

मग घरच्यांची फलंदाजी. सलामीला साक्षात आबा! धोतर खोचून, मिशीवर हात फिरवून उभे. अंपायर प्रमोद, गोलंदाज मी. आता सांगायची गोष्ट ही, की माझा ऑफब्रेक आजवर गुडघ्याच्या वर उसळलेला कोणी पाहिलेला नाही. मी हळूच, जावयाच्या अदबीनं, चेंडू सोडला. तो भेगेत पडला, क्षणभर आत त्यानं काहीतरी विचार केला आणि सापासारखा फणा काढून वर आला! आबांच्या खांद्यावर धप्प! आबा मागच्या मागे स्टंपांवर आणि स्टंप तीन दिशांना!

"आबा!" सुनंदा किंचाळली.

आम्ही धावलो. आबांचे डोळे सताड उघडे. ओठ मात्र गच्च मिटलेले.

"आबा, बोला ना!" प्रमोद.

आबांनी मान हलवली. बोलले नाहीत. ज्या माणसाच्या हाकेनं ट्रॅक्टर बंद पडतो तो माणूस बोलेना!

"वाचा गेली," सुनंदा म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेत मला पोलीस ठाणं, कोर्ट आणि खंडव्याचा तुरुंग, तिन्ही ओळीनं दिसले.

आबांना जीपमध्ये घातलं. ते माझ्याच मांडीवर. आणि आता त्यांनी खुणा सुरू केल्या. आधी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मग उजवा हात सरळ आडवा पसरला. पुन्हा पायाकडे बोट. पुन्हा आडवा हात.

मी बाहेर पाहिलं. हात दक्षिणेला होता. दक्षिण म्हणजे यमाची दिशा! अर्थ उघड होता: 'तुझ्या पायगुणानं मी तिकडे चाललो!' मी रडत रडत चालत्या जीपमध्येच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी लाथ मारली.

"पाय हलतात! लकवा नाही!" प्रमोद ओरडला.

त्यात आखाजीनंतरची लग्नसराई, बुऱ्हाणपुरात लग्नंच लग्नं. सिंधीपुऱ्याच्या तोंडाशी आमची जीप एका वरातीमागे अडकली. पुढे डीजे दणाणतोय, नवरदेवाचे मित्र नाचताहेत, आणि मागे मी खिडकीतून मुंडी काढून ओरडतोय, "भैया, रस्ता दो! ससुर मर रहे हैं!" एकानं आनंदानं मलाच नाचायला बाहेर ओढलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा." आबांनी नकार दिला. सगळ्यांना बाहेर काढायची खूण केली. दार लागलं. बाहेर मी जेवढे देव आठवले तेवढ्यांना नवस बोललो, काहींना दोनदा.

दार उघडलं. डॉक्टर रुमालानं डोळे पुसत होते. मी मटकन खाली बसलो.

"अहो, हसतोय मी," ते म्हणाले. "खांद्याला मुका मार आहे, बस. वाचा गेलेली नाही. दात गेलेत!"

आबांची वरची कवळी! काही वर्षांपूर्वी जळगावला डोळे दाखवायला म्हणून गेले होते, ते दात बसवून आले होते. फक्त सासूबाईंना माहीत, आणि त्या खंडव्याला बहिणीकडे. सुना आणि जावयांसमोर बोळकं दाखवण्यापेक्षा आबांनी मरणाची शंका पत्करली होती!

दिवस मावळायच्या आत आम्ही पट्टीवर परतलो. टीव्हीवरचे जाणकार गुडघे टेकून भेगेत किल्ली घालतात ना, तसा मी गुडघे टेकले आणि एकेका भेगेत हात घालत सुटलो. आबा बाजूला उभे, तोंड मिटून. एका भेगेत खोलवर हात गेला आणि काहीतरी बोटाला चावलं!

"साप!!"

मी बोंब ठोकत विहिरीपर्यंत पळालो. माझ्यामागे प्रमोद, त्याच्यामागे सुनंदा. एकटी वैष्णवी मोबाइलचा उजेड भेगेत पाडून वाकली.

"फुवाजी, डरू नका. साप नाही. आबाचे दात आहेत."

आबांनी कवळी विहिरीच्या पाण्यानं धुतली, पाठ फिरवून बसवली, आणि चेंडू लागल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले. तापीपलीकडे ऐकू गेलं असेल.

"नो बॉल होता! पाय बाहेर होता तुमचा! तेच सांगून राहिलो होतो दुपारपासून!"

अंपायर प्रमोदनं तत्परतेनं हात आडवा केला, आणि आबा नाबाद ठरले.

यंदाच्या आखाजीलाही सामना झाला. खेळपट्टी वैष्णवीनं बनवली. अनुभवी म्हणून मलाही संघात घेतलं होतं: सीमारेषेच्या बाहेर, केळीच्या बागेपलीकडे, चहाच्या पातेल्यापाशी. जबाबदारी मी चोख पार पाडली. फक्त चहाला थोडा उशीर झाला, कारण डोक्यावर हेल्मेट असलं की पातेल्यात नीट दिसत नाही.