चुन्याची खूण
सोल्डरिंगचा वास आला की जठारपेठेतलं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवतं. सलग तिसऱ्या वर्षी कापूस हातचा गेला आणि त्याच हिवाळ्यात बाबाही गेले. त्यांचा बंद पडलेला रेडिओ मी तिथं दिला होता. कापसाचे भाव जिथं लागायचे, नेमक्या त्या जागी त्यांनी काचेवर तंबाखूच्या चुन्याचं बोट टेकवून खूण केली होती. दुकानातले म्हातारे चाचा रेडिओ माझ्या हातात देत म्हणाले, "काच लय खराब झाली होती, भाऊ. घासून साफ करून देल्ली. चुन्याचा डाग बी निघाला." मी बरं म्हटलं आणि बसस्टँडकडे निघालो. आता शेत आमचं नाही, भाव मोबाईलवर दिसतात. तरी संध्याकाळी मी तो रेडिओ लावतो, सुई अंदाजानं सरकवतो आणि खरखर आली तरी तिथंच राहू देतो.