दुसरी सबीना

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या क्लूनमोर गावात कुणाचे पणजोबा कोण, हे विचारायचं तर अट्रॅक्टा रुआनलाच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती चर्चच्या सभागृहात टेबल मांडून बसे आणि आपलं मूळ शोधत अमेरिकेतून येणाऱ्यांना जन्ममृत्यूच्या नोंदी काढून देई. नवखी माणसं एका ठिकाणी हमखास चुकत. ती त्यांना हसत हसत सांगे, की जन्माची नोंद मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका, आधी मृत्यूच्या नोंदी चाळा. आमच्याकडे तान्हं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवत. हे ती इतक्या सराईतपणे सांगे, जणू भाजी निवडायची युक्तीच सांगतेय.

आणि हीच बाई घरच्या माणसाच्या बाबतीत फसली.

सबीना तिची सख्खी आत्या. लग्न न केलेली, एकटी राहणारी, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. अट्रॅक्टाला आत्याच्या जन्माची नोंद सापडली, त्यावरून येत्या रविवारी आत्याला शंभर पूर्ण होत होती. आत्या म्हणाली, छे, अजून दोन वर्षं आहेत. तेव्हा अट्रॅक्टाने सगळ्यांसमोर तिची फिरकी घेतली होती, "आत्या, या वयातही वय चोरतेस?" शेजारपाजारच्या बायका खो खो हसल्या. आत्याने आणखी एकदा सांगून पाहिलं आणि मग ती गप्प बसली. फादर कॉनरींनी वेदीवरून खास मासची प्रार्थना जाहीर केली, केक सांगून झाला, डब्लिनहून राष्ट्राध्यक्षांचं शंभरीच्या अभिनंदनाचं पत्रही आलं.

गुरुवारी बॉस्टनच्या एका गृहस्थांसाठी मृत्यूच्या नोंदी पाहताना अट्रॅक्टाची नजर खालच्या ओळीवर गेली. सबीना रुआन, वय पाच आठवडे, कारण आकडी. गाव तेच, बापाचं नाव तेच. "काही झालं का?" गृहस्थांनी विचारलं. ती म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.

दुपारी ती आत्याकडे गेली. चहा झाला, ब्रेडला लोणी लावून झालं. शेवटी तिने खाली मान घालून सांगून टाकलं.

"मी म्हणत होते की तुला," आत्या म्हणाली.

"मग ठासून का नाही सांगितलंस?"

"ठासून सांगायचं तर तिच्याबद्दल सांगावं लागलं असतं. आई होती तोवर आमच्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. म्हणजे, माझंच नाव की ते. आणि तुम्ही सगळ्या हसत होतात, पोरी. त्या हसण्यात तिला कुठे आणून बसवू?"

अट्रॅक्टाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने आत्याने विचारलं, शेवटी तिच्याजवळ कोण होतं, हे लिहिलंय का.

"तुझी आई होती. खबर देणाऱ्याच्या जागी तिचंच नाव आहे. सही नाही, फुली आहे."

अशा कितीतरी फुल्या अट्रॅक्टाने पाहुण्यांना दाखवल्या होत्या. म्हणजे अडाणी, एवढं सांगून ती पुढच्या ओळीकडे वळे.

"म्हणजे लिहवायलाही आईच गेली होती," आत्या म्हणाली. "पायी. कचेरी केवढी लांब तेव्हा."

अट्रॅक्टा घाईघाईने म्हणाली, की ती आजच फादरना सांगते, आत्याला बरं नाही, सगळं रद्द.

"म्हणजे पुन्हा माझ्यावरच ढकलणार?" आत्याने कप खाली ठेवला. "काही रद्द करायचं नाही. शंभर तिला पूर्ण होताहेत, मास तिची होऊ दे. पण हे तू सांगायचंस. उभं राहून, सगळ्यांसमोर."

शनिवारी केकवरचा आकडा काढायला सांगायला ती पॅकी लॉफ्टसच्या दुकानात गेली. तोवर गावभर झालंच होतं. पॅकी गल्ल्यामागून म्हणाला, "अट्रॅक्टाबाई, माझे आईबाप तरी माझेच आहेत ना? की पुन्हा बघून सांगता?" दुकानातले लोक हसले. तीही हसली, दुसरं करणार काय?

रविवारी चर्च भरलं होतं. अट्रॅक्टा उभी राहिली. तीस वर्षं वर्ग दणाणून सोडणारी बाई, पण आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जाईना. चूक माझी, आत्या खरं सांगत होती आणि मी तिला हसले, एवढंच ती कशीबशी बोलली. त्या बाळाविषयी सांगायला घेतलं, तेव्हा नावापाशीच थांबून तिने हातातला कागद फादरकडे दिला. पुढचं फादरनीच वाचलं. सबीना रुआन, पाच आठवड्यांची.

पहिल्या रांगेत आत्या काठीवर भार देऊन उठली आणि आपलंच नाव मृतांमध्ये ऐकत ताठ उभी राहिली. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने तिने आमेन म्हटलं. अट्रॅक्टाचे ओठ हलले. नजर मात्र जमिनीवरून उठली नाही.