सायलेन्सरवरचा पत्रा

आमची व्हॅन जुनी. तिचा सायलेन्सर फुटला तेव्हा ती गावभर बोंबलत फिरायची, आणि मागच्या सीटखालून टक टक आवाज यायचा. खाली कोणी निजलंय आणि बोटानं पत्रा वाजवतंय, असं वाटायचं. मिस्त्री म्हणाला, "पाईप काढून वेल्डिंग करा लागते. गाडी ठेवून जा." गाडी ठेवून जा म्हणे! तिकडे आसगावच्या तलावात जाळं पडलेलं, मासोळी काय याच्या घरी नेऊन टाकू? माझं तोंड सुटलं तसा त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, पाईपच्या भोकावर गुंडाळला, फटीत लेप भरला आणि वरून क्लिपा आवळल्या.

"कच्चं काम हाये," तो म्हणाला. "तुह्या गाडीचा तळ सडला. क्लिप सुटली तं धूर अंदर येईन. काच उघडी ठेवजो."

टक टक बंद झाली. मी खूश.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मासोळीवाले. तलावावरची मासोळी पहाटे गाडीत भरायची आणि भंडाऱ्याच्या बाजारात न्यायची. बाबा गेल्यापासून विकायला मायच बसते. आमच्या गावचं मसन कारध्याच्या नदीच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. मासोळी घेऊन तिथून जाताना आमच्यात काचा लावून घेतात. भूत मासोळी मागतं म्हणतात. त्याला ओ द्यायची नाही, मागे पाहायचं नाही, आणि नदी ओलांडेपर्यंत काच उघडायची नाही. सायलेन्सर फुटला त्याच वर्षी पावसाळ्यात बाबांना त्या मसनात जाळलं होतं.

त्या दिवशी हिवाळ्यातली सकाळ होती, धुकं असं की पुढचा ट्रक दिसेना. बायको माझ्या बाजूला. माय मागे, बर्फाच्या डब्यांजवळ, शाल गुंडाळून. थंडीमुळे तिनं मागच्या काचा आधीच लावलेल्या. माझी तेवढी उघडी होती.

मसन आलं तशी माय ओरडली, "काच लाव रे!"

"माय, मिस्त्रीनं सांगतलं..."

"मिस्त्री का मसनात राहते? लाव म्हणतो ना!"

लावली. मायपुढे कोणाचं चाललंय? गाडी ट्रकांच्या मागे मुंगीच्या चालीनं सरकत होती. थोड्या वेळानं सीटखालून आवाज आला. टक. टक टक.

बायकोनं माझा दंड धरला. "अजी, मांगं कोन वाजवून राहिलं?"

क्लिप सुटली असणार, मला कळत होतं. कळत असूनही अंगावर काटा आला. डोकं जड झालेलं, कपाळात ठणका. आणि मागून माय बोलायला लागली. हळू, लाडात. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता, नंतर कधीच नाही.

"बसा ना जी. सरकतो मी."

मी आरशात पाहिलं. माय एका कोपऱ्यात सरकली होती. बाजूची अर्धी सीट रिकामी. डब्याचं झाकण उघडं होतं, आणि हातातली मरळ मासोळी तिनं त्या रिकाम्या जागेकडे धरली होती.

"घ्या ना. तुमच्याचसाठी ठेवली," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "थांबा ना जी, मीबी येतोच तुमच्यासंग."

मी कचकन ब्रेक मारला.

"खोलू नोका!" बायको किंचाळली. "नदी नाही आली अजून!"

"मरून राहिली थे!" मी ओरडलो आणि सगळी दारं उघडली. मायला ओढून काढलं. अंग नुसतं लोळागोळा. धानाच्या शेताच्या उंच धुऱ्यावर टेकवली, गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. भर रस्त्यावर मी लेकरासारखा रडलो. भूत गेलं खड्ड्यात, मला माझी माय पाहिजे होती.

ती ओकली. मग डोळे उघडले. मरळ अजून मुठीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, आधी गाडीच्या उघड्या दारांकडे पाहिलं.

"काहून उघडलं रे?" ती म्हणाली. "आत्ताच तं बसले होते थे."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी घरी आणलं. गाडीला नवा सायलेन्सर बसवला, तळाचा पत्राही बदलला. "माय, तो धुराचा खेळ होता," हे मी तिला चार-चारदा समजावलं. ती हो म्हणाली.

आता मसन आलं तरी ती काच लाव म्हणत नाही. नुसती कोपऱ्यात सरकते आणि नदी येईपर्यंत कान देऊन बसते. नवी गाडी असल्यासारखी आमची व्हॅन चुपचाप चालते.

परवा मी गाडी धूत होतो, ती जवळ येऊन उभी राहिली.

"बाबू, थो डब्याचा पत्रा ठेवला का फेकला?"

"फेकला माय."

तिनं वाकून गाडीच्या खाली पाहिलं.

"दुसरा भेटन ना रे," ती म्हणाली. "मसनापासून नदीपर्यंतच बांध."