खुंटीवरचा बुवा

सासूने माझ्या पोराला त्याच्या बापाची भीती घातली होती. ती भीती मी तिच्याच अंगावर उलटवली. आता सासू नाही आणि नवराही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

नवरा मिलिटरीत होता. इस्लामपूरकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस मिलिटरीत असायचा, त्याचं कुणाला नवल नव्हतं. मी दिवसभर उसात भांगलायला, तण काढायला जायची आणि अंधार पडताना येऊन भाकरी थापायची. पोरगा चार वर्षांचा, तो आजीजवळ झोपायचा. त्याला लवकर निजवून तिला शेजारणींत बसायची घाई असे. मधल्या खोलीत खुंटीला नवऱ्याचा खाकी लांब कोट होता. कंदिलाच्या उजेडात तो उभ्या माणसासारखा दिसे. त्याच्याकडे बोट दाखवून ती म्हणायची, "त्यो बघ तुझा बा. बुवा झालाय त्येचा. डोळं मिट, न्हाईतर पोत्यात घालून न्हील." पोरगा डोळे गच्च मिटायचा आणि वाकळेखाली थरथरत पडायचा. ती त्याला झोप म्हणायची.

मी एकदा बोलले, तर तिने उभ्या उभ्या मला झाडलं. म्हणाली, "सा पोरं वाढवली म्या. तू एकाचं मला शिकवू नगंस."

लढाईमुळे नवऱ्याची रजा लांबली होती. मागच्या खेपेला पोरगा अंगावर पीत होता, त्याला बाप कुठला आठवणार? कराडहून एसटीने नवरा दुपारी आला, पायात बूट, अंगावर तोच खाकी रंग. पोराने त्याला दारात बघितलं आणि तो पळत जाऊन गव्हाणीत लपला. ओढून काढला तर चड्डी ओली. बापाने पत्र्याची मोटार आणली होती, ती त्याने हातात धरली नाही. बाप घरात आहे म्हटल्यावर तो झोपेना, ओरडून ओरडून काळानिळा व्हायचा. शेवटी नवरा वळकटी घेऊन मारुतीच्या देवळात झोपायला जाऊ लागला. पारावरचे गडी त्याला विचारायचे, "काय रं गड्या, दुश्मनाला हटवलंस आन् बायकूनं तुला हाकललं व्हय?" तो हसण्यावारी न्यायचा. पण घरी जेवताना मान वर करायचा नाही. एकदा मला म्हणाला, "ह्या खेपंला पोरगं जवळ न्हाई आलं, तर पुढच्या खेपंला मी असंन का, कुणाला ठावं."

सासू शेजारीच होती. त्याच्या ताटात तूप वाढत ती म्हणाली की पोरगा भित्रा आहे, आईवर गेलाय.

तिथेच मी ठरवलं. नवऱ्याला खरं सांगता आलं असतं. पण तो आईचा लाडका. दोन दिवस रुसला असता, मग तिने डोळ्याला पदर लावला असता आणि सगळं मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कोट खुंटीवरून काढला आणि पोराला घेऊन कृष्णेवर गेले. तो लांब उभा राहिला. मी कोट दगडावर आपटला, बडवला, खिसे उलटे केले. आतून विडीचा चुरा पडला. मग पोरालाही बडवायला दिलं. आधी भीत भीत, मग चांगले दात ओठ खाऊन त्याने बडवलं. तेव्हा मी त्याला सांगितलं की हे नुसतं कापड आहे. बुवा आजीचा आहे, तिने तो पाळलाय. ती बोलावते तेव्हाच येतो. आणि बापाची बंदूक त्या बुवासाठीच आहे. यात खोटं फारसं नव्हतं.

संध्याकाळी सासूने वाकळ अंथरून हाक मारली. पोरगा तिच्या तोंडाकडे बघत माझ्यामागे सरकला. सवयीने ती म्हणाली, "येतूस का बोलवू त्येला?"

पोरगा किंचाळला. "बा, बंदूक घिऊन ये. आजी बुवाला बोलावतीया."

नवरा वळकटी काखेत मारून देवळाकडे निघाला होता, तो उंबऱ्यातून परत फिरला. पोराने त्याच्या पायाला मिठी मारली. नवऱ्याने आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. मी चुलीतला जाळ सारखा करत होते.

रजा संपेपर्यंत पोरगा बापाच्या दंडावर झोपला. बाप गेल्यावर माझ्याजवळ. आजीच्या वाकळेत तो पुन्हा शिरला नाही. ती गूळ-शेंगदाणे दाखवून बोलवायची. तो लांबून हात पुढे करायचा आणि घेऊन पळायचा. तिचं शेजारणींत बसणं सुटलं. नातू आता जवळ का येत नाही, हे त्या विचारायच्या.

उसाला तुरे आले तेव्हा ती मला म्हणाली, "येकदा सांग की त्येला, बुवा न्हाई म्हणून. माझ्या पोटाशी झोपायचं गं त्ये."

मी म्हणाले, "आत्या, मी कशी सांगू? तुमीच दावला न्हवं त्येला?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि आपली वाकळ बाहेरच्या सोप्यात नेऊन टाकली. मी तिला आत बोलावलं नाही. पोराला कुशीत घेतलं आणि दिवा मालवला.